रोजच्या वापरातील इंग्रजी शब्द : काही अनुभव, काही अभ्यास

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून दहावी उत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत आम्हांला भेटावयास आला. इंग्रजीत त्याला उत्तम गुण होते. पर्यावरणावर तो दोन पृष्ठांचा निबंध एकटाकी लिहीत असे. शहरातील ज्या वसतिगृहात तो राहावयास गेला, तेथील अधीक्षकांना मराठी येत नव्हते. एके दिवशी खेळताना तो पडला आणि त्याचे कोपर सुजले. त्याने अधीक्षकांना सांगितले, ‘सर, माय हँड इज पेनिंग.’ त्यांनी त्याचा तळवा उलटासुलटा करून पाहिला, बोटे दाबून पाहिली आणि काहीच झालेले नाही असे म्हणून त्याला परत पाठविले. बाह्या लांब होत्या, सूज आत होती. ती वर करून दाखविण्याचे त्या संकोची मुलाला सुचले नाही. दोन दिवस त्याने दुखणे अंगावर काढले. आम्हांला हे सांगताना तो हसत होता. ‘गुरुजी, एन्व्हायर्नमेंटचे स्पेलिंग मला येते, पण कोपराला काय म्हणतात ते मला कुणी विचारलेच नव्हते.’ पुढे तो आणखी एक वाक्य बोलला आणि ते मात्र हसत बोलला नाही. त्या प्रसंगानंतर वर्गात हात वर करणेच त्याने सोडून दिले होते.

त्याला कुणी विचारले नव्हते हे खरे, आणि विचारावयास हवे होते ते आम्हीच. त्या आठवड्यात आम्ही नववीच्या मुलांना भोजनगृहात नेले आणि समोर दिसणाऱ्या वस्तूंची इंग्रजी नावे लिहावयास सांगितली. ‘स्पून’, ‘प्लेट’, ‘ग्लास’ सर्वांनी लिहिले. पळी, झाकण, चाळणी, लाटणे, सांडशी येथे बहुतेकांच्या वह्या कोऱ्या राहिल्या. खरे सांगावयाचे तर सांडशीपाशी आमच्यापैकीही दोघे अडखळले.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ज्या घरात इंग्रजी बोलले जाते, तेथे मूल हे शब्द आईच्या पाठीमागे फिरता फिरता उचलते. आमच्या मुलांच्या घरी इंग्रजी येते ते दप्तरातून, आणि दप्तर स्वयंपाकघरात जात नाही. महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वीच्या आमच्या माजी विद्यार्थ्यांची या भाषेशी गाठ पाचवीत पडत असे. वर्षे वाढली ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु पुस्तकाचे इंग्रजी आणि दिवसाचे इंग्रजी यांमधील अंतर तेवढ्याने मिटले नाही. पुस्तकातील शब्द परीक्षेत उपयोगी पडतात. दवाखान्यात, आगगाडीत, भाड्याच्या खोलीच्या मालकापुढे किंवा कामावरच्या पहिल्या दिवशी जे शब्द लागतात, ते निराळेच असतात.

किती शब्द आले म्हणजे रोजचे व्यवहार चालतील, हा प्रश्न जुना आहे. सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने १९३० साली अवघ्या ८५० शब्दांचे ‘बेसिक इंग्लिश’ मांडले. मायकेल वेस्ट यांनी बरीच वर्षे ढाक्यास अध्यापन केले होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचन कसे शिकवावे याचा त्यांनी बारकाईने विचार केला होता. त्यांनी संपादित केलेली सुमारे २००० शब्दांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. सामान्य इंग्रजी मजकुरातील पाचांपैकी सुमारे चार शब्द या यादीतील असतात, असे पुढील अभ्यासकांना आढळले. दररोज पाच शब्द आणि वर्षाचे दोनशे दिवस धरले तर ही मजल दोन वर्षांत गाठता येते. हिशेब सोपा आहे, फक्त त्यात विसरणे धरलेले नाही. त्याकडे पुढे येऊच.

या याद्या आम्ही आदराने पाहिल्या, पण जशाच्या तशा उचलल्या नाहीत. ऑग्डेन यांच्या यादीत बादली, फणी, सुई, नांगर आहेत. हाताचा अंगठा आहे आणि गुडघाही आहे. कोपर मात्र नाही! आमच्या त्या विद्यार्थ्याला ८५० शब्द तोंडपाठ असते, तरीही त्या दिवशी तो अडलाच असता. म्हणून ज्याने त्याने आपली यादी आपल्या दिवसातून काढावी, असे आम्ही ठरविले. सकाळी उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत ज्या वस्तूला हात लागतो आणि जी क्रिया आपण करतो, ती इंग्रजीत सांगता आली पाहिजे. गादी, गोधडी, उशी, फणी, केरसुणी, नळ, दोरी, खिळा, कुलूप, कडी. गोधडीसाठी ‘क्विल्ट’ म्हणावे, पण आजीच्या जुन्या लुगड्यांचा वास त्या शब्दाला नाही, हेही मुलांना सांगावे. परात आणि पोळपाट यांना नेमका शब्द नाही. तेथे ‘चपाती लाटावयाची गोल लाकडी पाटी’ असे साध्या इंग्रजीत वर्णन करता येणे हेच शब्द येण्यासारखे आहे.

आता या यादीचा काही भाग मुलांजवळ आधीपासूनच असतो, आणि तो कोठे असतो हे आम्हांला एका पालकाने शिकविले. ते गवंडीकाम करतात. शाळेत फारसे गेलेले नाहीत. पालकभेटीच्या दिवशी त्यांचा मुलगा आम्हांला सांगत होता की, घरी कुणालाच इंग्रजी येत नसल्यामुळे सुटीत सराव होत नाही. आम्ही वडिलांना त्यांच्या कामाविषयी विचारले. ते सांगू लागले आणि आम्ही फळ्यावर लिहू लागलो : स्लॅब, कॉलम, बीम, फुटिंग, सेंटरिंग, प्लास्टर, लेव्हल, पाइप, फिटिंग, टाइल. फळ्याची एक बाजू भरली. मुलगा बापाकडे पाहतच राहिला. मग आम्ही त्याला दोन शब्द शोधावयास दिले, थापी आणि ओळंबा. थापीला ‘ट्रॉवेल’ आणि ओळंब्याला ‘प्लम लाइन’. दुसऱ्या शब्दाच्या लिखाणात ‘एम’नंतर एक मुका ‘बी’ आहे. शिशाला लॅटिनमध्ये जो शब्द होता त्याची ती खूण, कारण ओळंब्याचे वजन शिशाचे असे. नळदुरुस्ती करणाऱ्या ‘प्लंबर’चेही मूळ तेच, कारण पूर्वी नळ शिशाचे असत. हे ऐकून वडील म्हणाले, ‘मास्तर, हे आधी ठाऊक असतं तर ओळंबा जरा जपून ठेवला असता.’

तेव्हा मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांची वही ही पहिली वही. परंतु येथे सावध असावे लागते. आपल्याकडे आलेले पाहुणे कधी कधी आपला स्वभाव बदलतात. आपण भिंतीला ‘कंपाऊंड’ म्हणतो, तर इंग्रजीत तो शब्द भिंतीच्या आतील आवाराचा आहे. आपण परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतो आणि वीज गेली की ‘लाइट गेली’ म्हणतो. आपण चहा-भजी खावयास ‘हॉटेलात’ जातो, पण इंग्रजीत ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाची जागा. शाळेतून ‘पास आउट’ झालो असे इंग्लंडमध्ये कुणाला सांगितले, तर तो बहुधा पाणी आणावयास धावेल, कारण तेथे त्याचा रूढ अर्थ शुद्ध हरपणे असा आहे. शिवाय परदेशी वाटणारा प्रत्येक शब्द इंग्रजीच असतो असे नाही. बादली, चावी, पाव, पगार हे आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आले. ‘चावी’ हा इंग्रजी शब्द आहे अशी पैज मारणारे विद्यार्थी आम्हांला दरवर्षी भेटतात.

उलट दिशेनेही वाट आहे. इंग्रजीतील ‘मंगूस’ म्हणजे आपले मुंगूस. ‘कॉट’ म्हणजे खाट. कामगारांच्या जाड कापडाच्या ‘डंगरी’ पोशाखाला नाव मिळाले ते मुंबईतील डोंगरीवरून, कारण तसले कापड तेथे विकले जाई. ‘लूट’ हा शब्दही इंग्रजीने येथूनच नेला, तो कसा व का नेला हे इतिहासाच्या तासाला सांगावे. भाषा ही कुणा एकाच्या मालकीची नसते हे मुलांना उपदेशाने पटत नाही, ‘मंगूस’ ऐकून पटते. त्या दिवशी वर्गात इंग्रजीची भीती थोडी कमी झालेली आम्ही पाहिली आहे.

यानंतरचा भाग अधिक कठीण, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. शब्द म्हणजे चिठ्ठी चिकटविलेली वस्तू नव्हे. मराठीने जगाचे तुकडे एका रीतीने पाडले आहेत, इंग्रजीने दुसऱ्या रीतीने. खांद्यापासून बोटांपर्यंत आपला एकच ‘हात’. इंग्रजीत मनगटाच्या वर ‘आर्म’ आणि खाली ‘हँड’. आपला ‘पाय’ तेथे ‘लेग’ आणि ‘फूट’ असा विभागला जातो. हाताचे बोट ‘फिंगर’, पायाचे ‘टो’. भिंतीवरचे घड्याळ ‘क्लॉक’ आणि मनगटावरचे ‘वॉच’. आपण साळ, तांदूळ आणि भात असे तीन शब्द वापरतो. इंग्रजी फक्त साळीला ‘पॅडी’ म्हणते, पुढे शिजवलेले वा न शिजवलेले सारे ‘राइस’च. मामा, काका, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान ही सारी मंडळी तेथे एका ‘अंकल’मध्ये दाटीवाटीने बसतात. आमच्या विद्यार्थ्याचे कोपर सुजले तेव्हा त्याची चूक शब्दाची नव्हती, या वाटणीची होती. ‘आर्म’ एवढे जरी सांगितले असते, तरी अधीक्षकांनी बाही वर केली असती.

वाटणीसारखीच बांधणीही वेगळी. मराठीत थंडी, भूक, झोप, राग, आठवण, ताप ही सारी आपल्याकडे येतात. मला थंडी वाजते, मला भूक लागली, मला झोप येते, मला आठवते. आपण ‘मला’ म्हणून जागीच बसलेले असतो. इंग्रजीत मात्र बोलणारा पुढे येतो : ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम स्लीपी’, ‘आय रिमेंबर’, ‘आय हॅव अ फीवर’. ‘मला’ने सुरू होणारी पन्नास वाक्ये मुलांकडून गोळा करून ‘आय’ने सुरू होणाऱ्या इंग्रजीत फिरविणे, हा आमचा आवडता पाठ आहे. त्यात काही वाक्ये हट्टीपणे वळत नाहीत. ‘मला तो आवडतो’ हे सरळ वळते, ‘मला करमत नाही’ हे वळत नाही. वसतिगृहात नव्याने आलेल्या पाचवीच्या मुलांना पहिल्या पंधरवड्यात नेमके हेच वाक्य लागते. त्यासाठी आम्ही ‘आय मिस होम’ शिकवितो. ते पूर्ण तेच नाही, पण जवळचे आहे.

क्रियापदांच्या सोबतीही अशाच पाहाव्या लागतात. आपण परीक्षा ‘देतो’, इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. आपण दार आणि दिवा दोन्ही ‘बंद’ करतो, इंग्रजीत दार ‘क्लोज’ होते, दिवा ‘स्विच ऑफ’ करावा लागतो. आपण मार खातो, हवा खातो, शपथही खातो. ‘ईट’ यांपैकी कशालाही चालत नाही. म्हणून क्रियापद एकटे पाठ करू नये, त्याच्या वस्तूसह करावे. ‘ब्रश’ नव्हे, तर ‘ब्रश युअर टीथ’. ‘कोम’ नव्हे, तर ‘कोम युअर हेअर’. ऑग्डेन यांच्या ८५० शब्दांत क्रियापदे अवघी १८ आहेत, त्यांत ‘गेट’, ‘गो’, ‘कम’, ‘पुट’, ‘टेक’, ‘मेक’, ‘गिव्ह’, ‘कीप’ ही आली. यांच्यामागे ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’, ‘डाऊन’, ‘आउट’ लावले की दिवसातील बरीचशी कामे सांगता येतात. सदरा घालणे ‘पुट ऑन’, वहाणा काढणे ‘टेक ऑफ’, चूल विझविणे ‘पुट आउट’, उठणे ‘गेट अप’. मोठी, भारदस्त क्रियापदे नंतर आली तरी चालतात.

सौजन्याविषयी थोडेसे. मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘पाणी द्या’ म्हटले की आदर झाला. तोच मुलगा ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला तो उर्मट वाटतो, आणि आपले काय चुकले हे त्याला कळत नाही. ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज’ हे वाक्य आम्ही व्याकरण समजावण्याआधीच तोंडी बसवितो.

उच्चारासाठी ऐकण्यास पर्याय नाही. ‘सिव्ह’ म्हणजे चाळणी हा शब्द ‘गिव्ह’च्या यमकात बसतो हे त्याच्या लिखाणावरून कुणालाही कळणार नाही. ‘नी’ आणि ‘नाइफ’मधील ‘के’ मुका, ‘कोम’ आणि ‘थम’मधील ‘बी’ मुका. शब्द आधी कानाने घ्यावा, मग डोळ्याने.

आता विसरण्याविषयी. पहिल्या वर्षी आम्ही मोठी चूक केली. रोज सायंकाळी वीस शब्द फळ्यावर लिहावयाचे आणि दुसऱ्या दिवशी ज्याला आले नाहीत त्याला उभे करावयाचे, असा आमचा परिपाठ होता. आठवडा संपता संपता मुलांना सोमवारचे शब्द आठवत नसत, आणि उभे राहणारी मुले मागच्या भिंतीकडे सरकू लागली. नंतर वाचनात आले की हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली, निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून आणि स्वतःचीच परीक्षा घेऊन दाखवून दिले होते की, पाठ केलेल्यातील बहुतांश भाग पहिल्या दिवसातच निसटतो आणि थोड्याथोड्या अंतराने उजळणी केल्यास तो टिकतो. म्हणजे दोष मुलांचा नव्हता. आम्ही उभे करणे थांबविले.

त्याऐवजी वहाणांचे रिकामे खोके आणले. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७० च्या दशकात जर्मनीत मांडलेली ही युक्ती आहे. खोक्यात पाच कप्पे करावयाचे. कार्डाच्या एका बाजूस मराठी वाक्य, ‘आमटी पळीने वाढ’, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज पाहावयाचा. उत्तर आले तर कार्ड दुसऱ्या कप्प्यात, तो दर तिसऱ्या दिवशी पाहावयाचा. मग आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. कोठेही चुकले की कार्ड परत पहिल्या कप्प्यात. यात आम्हांला आवडलेली गोष्ट अशी की, मागे जाते ते कार्ड, मूल आपल्या जागी बसलेले असते. रोज नवे पाच शब्द पुरेत. उत्साहाच्या भरात पंधरा घातले की तिसऱ्या दिवशी पहिला कप्पा इतका फुगतो की कुणी त्याला हात लावीत नाही.

आठवी-नववीच्या काही मुलांना खोके, कार्डे हे लहान मुलांचे काम वाटते. त्यांना आम्ही एकच गोष्ट दाखवितो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला होता. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६ व्या खंडात तो आहे. एवढा व्यासंगी माणूस शब्दांपुढे अर्थ लिहीत बसला होता, हे पान उघडून दाखविले की पुढे काही बोलावे लागत नाही.

भोजनगृहातील मावशींचा येथे उल्लेख केला नाही तर आमच्यावर रोष होईल. मुलांनी पळीवर ‘लेडल’ अशी चिठ्ठी बांधली, ती दुसऱ्याच दिवशी आमटीत विरघळली. मग मावशींनी ऐकून ऐकूनच शब्द पाठ केले. आता त्या पळी उंच धरतात आणि नाव सांगितल्याशिवाय दुसऱ्यांदा आमटी वाढीत नाहीत. ‘चमचा’ म्हणणाऱ्याला ‘तो वेगळा, हा वेगळा’ असे सुनावतात. कोणत्याही पुस्तकापेक्षा हा पाठ प्रभावी ठरला आहे.

पालकांना आमची विनंती एवढीच. सुटीत मूल घरी आले की हातातील वस्तू दाखवून विचारा, ‘याला इंग्रजीत काय म्हणतात रे?’ आपल्याला उत्तर ठाऊक नसले तरी बिघडत नाही, किंबहुना नसलेलेच बरे. मुलाला शिकविणाऱ्याच्या जागी बसू द्या. आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपण रुग्णालयांत, बँकांत, कारखान्यांत, परदेशांत कामास आहात. आपल्या कामाच्या पहिल्या महिन्यात जे शब्द आपणांस अडले, ते वीस-पंचवीस शब्द एका कागदावर लिहून आम्हांकडे पाठवा. आम्ही त्यांची कार्डे करू. ज्याचे कोपर सुजले होते, त्याने आपला कागद केव्हाच पाठविला आहे. पहिला शब्द ‘एल्बो’, त्यानंतर ‘शोल्डर’, ‘रिस्ट’, ‘अँकल’, ‘स्वेलिंग’, आणि खाली एक संपूर्ण वाक्य, ‘इट हर्ट्स हिअर’.

खोकी ग्रंथालयाच्या खिडकीशेजारच्या फळीवर आहेत. परवा पाहिले तेव्हा सातवीच्या खोक्यात ‘एल्बो’ पाचव्या कप्प्यात पोहोचले होते. सांडशीचे ‘टाँग्ज’ तिसऱ्यांदा पहिल्या कप्प्यात परतले आहे.